आगीचा घोडा

चिनी माणसाला समोरच्याचं वय जाणून घ्यायचं असेल आणि थेट विचारणं बरं दिसत नसेल, तर तो त्याचा प्राणी विचारतो. समोरचा म्हणतो, ‘घोडा’. मग चेहऱ्याकडे पाहून बारा वर्षं इकडे की तिकडे, एवढंच ताडायचं उरतं. उंदरापासून डुकरापर्यंतच्या बारा प्राण्यांची ही रांग रोजच्या जगण्यात असलं साधं काम करत असते. राशिभविष्याच्या भानगडीत न पडताही ती मला आवडते, ती यामुळेच.

प्राणी बारा आणि तत्त्वं पाच. प्रत्येक तत्त्व लागोपाठ दोन वर्षं राहतं. त्यामुळे तोच प्राणी त्याच तत्त्वाला घेऊन परत यायला साठ वर्षं लागतात. १७ फेब्रुवारी २०२६ला चीनमध्ये अग्नितत्त्वाच्या घोड्याचं वर्ष लागलं. याआधी ते १९६६ला आलं होतं, त्याआधी १९०६ला. आपल्याला यात परकं वाटावं असं काही नाही. गुरू जवळजवळ बारा वर्षांत आकाशाची फेरी पुरी करतो. आपला सिंहस्थ त्यावरच येतो आणि जुन्या चिनी ज्योतिषांनी आकाशाचे बारा भाग पाडले तेही गुरूच्याच चालीवरून. साठ संवत्सर तर आपल्या प्रत्येक पंचांगात आहेत. गंमत अशी, की २०२६च्या पाडव्याला आपल्याकडे जो संवत्सर लागला त्याचं नाव ‘पराभव’, आणि १९६६च्या पाडव्यालाही तोच होता. सत्यनारायणाच्या संकल्पात गुरुजी हे नाव खणखणीत उच्चारतात आणि यजमान त्याच पूजेनंतर नव्या दुकानाचं शटर उघडतात. कोणी बिचकत नाही. वर्षाचं नाव आपोआप काही करत नाही, याचा एवढा सोपा पुरावा दुसरा नसेल.

चीनमध्ये स्वतःच्या प्राण्याचं वर्ष शुभ मानत नाहीत. घोड्याच्या वर्षी जन्मलेल्यानं घोड्याच्या वर्षात जपून राहायचं, असं मानतात. म्हणून घरचे लाल पट्टा, लाल मोजे, लाल अंतर्वस्त्रं आणून देतात. मनगटाला लाल दोरा बांधतात. या रिवाजात मला शहाणपण दिसतं. बाराव्या, चोविसाव्या, छत्तिसाव्या, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणसाला जरा थांबवून ‘जप स्वतःला’ असं कोणीतरी म्हणतं. दोऱ्यानं संकट टळत नसेल. पण घरात कुणाचं तरी आपल्याकडे लक्ष आहे, हे त्या वर्षभर अंगावर राहतं. खर्च मोज्यांच्या एका जोडीचा, आणि त्रास कुणालाच नाही.

हेच चक्र जपानात गेलं आणि तिथं त्यानं वेगळं वळण घेतलं. घोड्याचं मूळ तत्त्वही अग्नीच, त्यात वर्षाचा अग्नी. म्हणजे आगीत आग. अशा वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याच्या जिवावर उठते, असा समज तिथं रुजला. त्याला एक कहाणी जोडली गेली. जुन्या एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, भाजीवाल्याची ओशिची नावाची मुलगी होती. आगीच्या वेळी आसऱ्याला गेली असताना तिचा एका तरुणावर जीव जडला. तो पुन्हा भेटावा म्हणून तिनं आग लावली आणि १६८३मध्ये तिला जिवंत जाळण्यात आलं, असं सांगतात. तिचा जन्म १६६६चा, म्हणजे आगीच्या घोड्याचा, असं लोक मानू लागले. कथाकार सायकाकूनं तिला गोष्टीत आणलं, नाटकांनी रंगमंचावर आणलं. एका पोरीच्या वेडाचा हिशेब पुढे साठ-साठ वर्षांनी जन्मणाऱ्या सगळ्या मुलींच्या नावावर लागला.

१९०६मध्ये जन्म टाळण्याची साधनं फारशी नव्हती, तेव्हा आईबापांनी तारखा टाळल्या. कित्येक मुलींची नोंद आदल्या किंवा पुढच्या वर्षात झाली. १९६६पर्यंत साधनं आली होती. १९६५मध्ये जपानात सुमारे १८.२ लाख मुलं जन्मली, १९६६मध्ये सुमारे १३.६ लाख, आणि १९६७मध्ये आकडा पुन्हा १९ लाखांवर गेला. शिंकान्सेन धावू लागली होती, तोक्योचं ऑलिंपिक होऊन गेलं होतं, आणि त्याच देशात एका वर्षात जन्म चौथाईनं घटले.

या सगळ्या जोडप्यांचा घोड्यावर विश्वास होता, असं मला वाटत नाही. त्यांचा विश्वास शेजाऱ्यांच्या विश्वासावर होता. ‘आम्ही मानत नाही हो, पण उद्या मुलीच्या लग्नात अडचण नको.’ हे वाक्य जपानीत कसं म्हणतात ते मला ठाऊक नाही. मराठीत मात्र मी ते मंगळाच्या आणि मूळ नक्षत्राच्या संदर्भात शेकडो घरांत ऐकलं आहे. जन्मवेळ थोडी पुढेमागे सरकवून पत्रिका ‘सौम्य’ करून आणणारी सुशिक्षित माणसं आपल्याकडेही कमी नाहीत. १९०६च्या जपानी बापाचं आणि त्यांचं चांगलं जमलं असतं. अशी समजूत टिकायला मानणारे फार लागत नाहीत; इतर मानतात असं मानणारे पुरेसे असतात.

आणि ज्या मुली तरीही जन्मल्या, त्यांचं काय झालं? सप्टेंबर १९६६मध्ये जन्मलेली किको १९९०मध्ये राजपुत्र अकिशिनोची पत्नी झाली आणि पुढे युवराज्ञी. राजघराण्यात चार दशकांनी जन्मलेला मुलगा, हिसाहितो, हा तिचाच. जी मुलगी सामान्य घरातही नको होती, तिच्या मुलाकडे आज सिंहासनाच्या वारसाची पुढची पिढी म्हणून पाहिलं जातं. घोड्यानं नवरा खाल्ल्याचं ऐकिवात नाही.

चीनमध्ये उलटी तऱ्हा. ड्रॅगनच्या वर्षी मूल हवं म्हणून धडपड. २०२३मध्ये तिथं ९०.२ लाख जन्म झाले होते. २०२४ या ड्रॅगनवर्षात ९५.४ लाख झाले. नासी मोकन आणि हान यू या अर्थशास्त्रज्ञांनी ड्रॅगनवर्षातल्या चिनी मुलांचा अभ्यास केला. ती मुलं शिक्षणात खरोखरच पुढे असतात, असं त्यांना आढळलं. कारण आकाशात नव्हतं; आईबाप त्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवतात, त्यांच्यावर जास्त पैसा लावतात आणि घरकाम कमी सांगतात. ज्याला ड्रॅगन म्हणून वाढवलं तो थोडाफार ड्रॅगन होतो. मग ज्या पोरीला ‘जपून राहा हिच्यापासून’ म्हणून वाढवलं, तिच्याकडून जे हिरावलं जातं ते कुठल्या आकडेवारीत मोजायचं?

१९८९मध्ये जपानचा जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी, १.५७वर आला, १९६६च्या १.५८हूनही खाली. त्या वर्षी कुठलाही अशुभ घोडा नव्हता. उशिरा होणारी लग्नं आणि बदललेलं जगणं यांनी ते काम शांतपणे केलं होतं. २०२४मध्ये तिथले जन्म सात लाखांच्याही खाली गेले. आता घोड्याला घाबरायला आईबाप तरी कुठे उरलेत?

१९६६च्या त्या बायका यंदा साठीच्या झाल्या. जपानात साठीला लाल टोपी आणि लाल बंडी घालतात, चक्र पुरं होऊन माणूस नव्यानं जन्मला म्हणून; आपल्या साठीशांतीसारखंच. मला वाटतं, वर्षाच्या नावाचा रोजच्या जगण्यातला अर्थ तपासायला एकच कसोटी पुरे: ते नाव आपण स्वतःसाठी घेतोय की दुसऱ्याच्या कपाळी लिहितोय? लाल मोजे घालणारा आपल्याच पायांत घालतो. पत्रिका परत पाठवणारा मात्र आपली भीती दुसऱ्याच्या मुलीकडून वसूल करतो. पहिल्याला हसू नये. दुसऱ्याला, तो घरातला वडीलधारा असला तरी, ‘कारण सांगा’ असं तोंडावर विचारावं.