दुपारी दमणारी पट्टी

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत पायऱ्यांजवळ एक टीव्ही आहे. त्याला एक जुना डेस्कटॉप जोडलेला आहे आणि त्यावर मी लिहिलेला छोटासा प्रोग्राम चालतो. वर नमाजच्या वेळा आणि खाली सरकणारी पट्टी: पुढच्या जमातीला किती मिनिटं उरली, कुणाचा इंतकाल झाला असेल तर जनाजाची वेळ. मोअज्जिनसाहेब फजरला कॉम्प्युटर सुरू करतात, इशानंतर बंद करतात. प्रोग्राम मी सवाबच्या नियतीने लिहिला होता. त्यामुळे त्याला कुणी नाव ठेवलं की मला जरा लागायचं.

मोहल्ल्यातल्या एका चाचांना ऐकू फार कमी येतं. लाऊडस्पीकरवरचं ऐलान त्यांना कळत नाही. ते पट्टी वाचतात. एकदा म्हणाले, "बेटा, ही तुझी पट्टी दुपारी दमते का रे? फजरला तर छान पळत असते." मी हसून म्हणालो, "चाचा, कॉम्प्युटर जुना झालाय." आणि विसरून गेलो.

काही दिवसांनी त्यांच्या लहानपणच्या दोस्ताचा इंतकाल झाला. जोहरनंतर चाचांनी पट्टीवर नाव वाचलं, 'इन्ना लिल्लाही' पढले आणि वेळ दिसायची वाट पाहत उभे राहिले. पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. मुलं बाहेरगावाहून येणार, म्हणजे जनाजा इशानंतरच असेल, असं समजून ते घरी गेले. जनाजा असरनंतर होता. चाचा कब्रस्तानात पोहोचले तेव्हा माती देऊन झाली होती.

ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्या रात्री मी प्रोग्राम उघडून बसलो.

आधी मी धुळीवर आणि उष्णतेवर संशय घेतला. मग उर्दू ओळीच्या नस्तालीक फॉन्टवर, कारण त्याची जोडाक्षरं बसवायला कॉम्प्युटरला जास्त काम पडतं. मग चाचांचं बोलणं आठवलं. फॉन्ट जड असता, तर पट्टी फजरलाही रेंगाळली असती. ती हळू नव्हती, हळू होत जात होती. याचा अर्थ दिवसभर कुठेतरी काहीतरी साचत होतं.

दुसऱ्या दिवशी जोहरनंतर मी कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून फक्त प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. पट्टी लगेच पळू लागली. उष्णता एका क्षणात उतरत नाही. दोष माझ्याच प्रोग्राममध्ये होता.

पडदा सेकंदाला 60 फ्रेम दाखवतो, म्हणजे एका फ्रेमसाठी साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात. प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागतो ते मी फाइलमध्ये नोंदवायला लावलं. सुरुवातीला 5 मिलिसेकंद, साडेआठ तासांनी 66. म्हणजे सेकंदाला जेमतेम 15 फ्रेम.

'किती मिनिटं उरली' हे दर मिनिटाला बदलतं. तेव्हा माझा प्रोग्राम नवी पट्टी तयार करून जुनी पडद्यावरून काढायचा, पण जुनीचा टायमर थांबवायचाच नाही. दिसेनाशी झालेली ती पट्टी आतल्या आत सरकतच राहायची, दर फ्रेमला आपली अक्षरं नव्याने मांडायची. साडेआठ तासांत अशा 510 पट्ट्या. एकेकीचं काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडंच जास्त, म्हणून पहिला दीड तास काहीच जाणवत नव्हतं. घरी मी दहा मिनिटं बघून 'उत्तम' म्हटलं होतं.

खात्री करायला मी घरी मजकूर मिनिटाऐवजी सेकंदाला बदलायला लावला. साडेआठ तासांची घसरण साडेआठ मिनिटांत समोर आली. जुना टायमर थांबवायची एक ओळ घातली, पुन्हा चालवलं. आकडा जागचा हलला नाही.

पण त्याहून मोठी चूक वेगळीच होती. पट्टी दर फ्रेमला 2 पिक्सेल सरकावी, असं मी लिहिलं होतं. 60 फ्रेमला सेकंदाला 120 पिक्सेल, 15 ला फक्त 30. चाचांची ती सूचना 2400 पिक्सेल लांब होती. 20 सेकंदांत संपायची ती 80 सेकंदांवर गेली, आणि वेळ अगदी शेवटी लिहिलेली. आता पट्टी किती सरकवायची ते घड्याळात गेलेल्या वेळेवरून ठरतं. फ्रेम गळल्या तर हिसका बसेल, वेग तोच राहील. अक्षरंही एकदाच मांडून त्याचं चित्र सरकवतो. आणि जनाजाची वेळ आता पट्टीत नसते. ती वर, ठळक, एका जागी असते.

जुम्याला चाचांजवळ बसून त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं, माफी मागितली. टायमर वगैरे त्यांना कितपत कळलं, ठाऊक नाही. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं ना, दुपारी दमते." मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले, "चल, त्याच्या कब्रीवर फातेहा पढून येऊ."