मनात राहिलेल्या खेपा

ट्रक ड्रायव्हरला त्याच्या कामाबद्दल विचारले, तर तो आधी खड्डे सांगतो, मग टोल, मग डिझेलचा भाव आणि शेवटी पोलीस. त्यात खोटे काही नसते. पण "आजवर केलेले सगळ्यांत चांगले काम कोणते?" असे कोणी विचारीत नाही. विचारले तर माणूस घटकाभर गप्प बसतो. आणि मग जे सांगतो, ते आपण मनात धरलेले नसते.

आमचे गाव माणदेशातले. पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर बाहेरची वाट, अशी इकडची रीत. कोणी मुंबईला गिरणीत गेले, कोणी ऊसतोडीला, कोणी मेंढरांमागे, कोणी ट्रकवर. आमचे 'हे' 1972 साली, अठराव्या वर्षी, किन्नर म्हणून गाडीवर चढले आणि 2016 साली उतरले. एवढ्या वर्षांत हायवेचे नंबर बदलले, जकात नाके गेले, टोलनाके आले. बदलली नाही ती एकच गोष्ट. गाडी गेली की घरच्या बाईचे कान रात्रभर रस्त्याकडे.

यंदा माझ्या धाकट्या दिरांच्या मुलाने ड्रायव्हर व्हायचे ठरवले. त्याच्या डोक्यात कर्ज काढून स्वतःचा ट्रक घ्यायचा विचार. घरात दोन तट पडले. जाऊबाई म्हणाल्या, "मोठ्या भाऊजींच्या वाटेकडं डोळे लावून अक्का कशी जगली ते मी बघितलंय. माझं पोर या धंद्यात नको." दीर म्हणाले, "दोन एकर कोरडवाहूत तो काय करणार?" दोघांचेही बरोबर होते. तेव्हा मी म्हटले, धंद्यातले वाईट काय ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. चांगले काय ते एकदा जाणत्यांना विचारू. ट्रकवर जन्म काढलेली तीन-चार माणसे ओळखीची होती. दोन रविवार ती आमच्या ओसरीवर येऊन बसली. पुतण्या ऐकायला होता, मी चहा देता देता ऐकत होते.

सुरुवात ह्यांनीच केली. मला वाटले, हे काश्मीरची नाहीतर कलकत्त्याची खेप सांगतील. ह्यांनी सांगितली ती बहात्तरच्या दुष्काळातली. त्या साली ज्वारी पिकली नव्हती. लोक दुष्काळी कामांवर खडी फोडायला जात आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो मिळे. एरवी त्या धान्याकडे कोणी पाहिले नसते. त्या वर्षी त्याच्यासाठी रांगा लागत. हे ज्या ट्रकवर किन्नर होते, तो मिलोची पोती घेऊन एका आडगावाला निघाला होता. गावाच्या अलीकडे ओढ्याच्या वाळूत चाके रुतली. उस्तादाने ह्यांना गावात पाठवले. गाडी आली हे कळताच बाया-माणसे धावली. पोती डोक्यावर, पाठीवर घेऊन त्यांनी चावडीपर्यंत नेली, मग वाळूत पाला-पाचोळा घालून रिकामी गाडी ढकलून काढली. हे सांगत होते, "उस्तादाला भ्या वाटत होतं. पोटात भूक असलेली माणसं, पोतं फुटलं तर काय? पण चावडीवर मोजणी झाली आणि एक पोतं कमी भरलं नाही. एका म्हातारीनं मला अर्धी भाकरी दिली. नको म्हटलं तर म्हणाली, 'आणलंस तू, आणि उपाशी जाशील व्हय?' पगार म्हणाल तर दोन वेळचं जेवण आन वर चार पैसे. पण त्यापेक्षा चांगली खेप मी पुन्हा केली नाही." इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली.

दुसरे तासगावकडचे. द्राक्षाच्या मोसमात त्यांनी कलकत्त्याच्या खेपा मारल्या. अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास, माल नाशवंत. दोघे ड्रायव्हर आळीपाळीने चालवणार, गाडी थांबायची नाही. वेळेत पोचले तर बक्षीस, उशीर झाला तर भाड्यात कापाकापी. त्या पैशांवर त्यांनी घरावर स्लॅब टाकला. पुतण्याचे डोळे चमकले. "मग काका, तेच सगळ्यांत चांगलं काम?" ते मानेनेच नाही म्हणाले. "त्या खेपांचा मला रस्ता आठवत नाही बाबा, नुसतं घड्याळ आठवतं. सोबतीचा एक डुलकी लागून पुलाच्या कठड्याला गेला. वाचला, पण पाय गेला."

त्यांच्या मनात राहिलेले काम अगदी साधे निघाले. आटपाडीकडे एका शेतकऱ्याची डाळिंबे भरायची होती. एरवी बागेवर गाडी लावली की सगळा माल तोडून होईपर्यंत अर्धा दिवस तिष्ठावे लागते. इथे क्रेट भरून मांडावाखाली तयार. माणसे हजर. वजन ठरल्याइतकेच, "आणखी वीस क्रेट टाका की" हा आग्रह नाही. भाड्याची आगाऊ रक्कम हातात, वाराईचा वाद नाही. गाडी भरेपर्यंत बागवाल्याच्या आईने हात-पाय धुवायला पाणी दिले, जेवायला वाढले आणि विचारले, "घरी कधी गेला होतास?" ते म्हणाले, "वैनी, भाडं किती, टायर कितीचे, गाडी कोणाची, हे सगळे विचारतात. घरी कधी गेला होतास, हे त्या एका माउलीनंच विचारलं."

तिसऱ्यांचा विषय वेगळाच. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीला आणि पाटणकडच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या, तेव्हा त्यांचे भाग ट्रेलरवर वर चढवायचे काम त्यांनी केले. पाते एवढे लांब की घाटाच्या वळणावर त्याचे टोक दरीवर तरंगे. पुढे एक माणूस, मागे एक माणूस, हातवारे करून एकेक वीत गाडी सरकवायची. दिवसा चालवायचे, अंधार पडला की थांबायचे. दिवसभरात जमले तेवढे अंतर, घाई कोणाचीच नाही. "जन्मभर मला सगळे म्हणाले, चल लवकर, चल लवकर. त्या एकाच कामात म्हणाले, सावकाश चल. आता त्या बाजूने एसटीनं जाताना चक्री फिरताना दिसली की शेजारच्याला सांगतो, ती मी वर नेली." म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर ते सांगताना पोरासारखा आनंद होता.

चौथे लोणंदकडचे. आषाढी वारीत एका दिंडीचा ट्रक त्यांनी बरीच वर्षे चालवला. दिंडी पायी चालते, पण तिचा संसार ट्रकवर असतो. राहुट्या, सतरंज्या, स्वयंपाकाची पातेली, धान्याची पोती, वारकऱ्यांच्या वळकट्या. माणसे विसाव्याला पोचण्याआधी ट्रकने पुढे जाऊन मुक्काम गाठायचा, म्हणजे चुली पेटतात आणि राहुट्या उभ्या राहतात. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. एरवी ट्रकचा एका दिवसाचाही रस्ता नाही. वारीत त्याला अडीच-तीन आठवडे लागतात. भाडे म्हणावे तर मालकाला डिझेलपुरते. "मग त्यात चांगलं काय?" पुतण्याने विचारले. ते म्हणाले, "एरवी मला कोणी 'ए ड्रायव्हर' म्हणतं, कोणी 'ओ गाडीवाले'. बाजार समितीच्या दारात तर नुसती शिट्टी मारतात. वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात, तसं मलाही म्हणतात. माउली, गाडी जरा पुढं घ्या. माउली, जेवलात का? वर्षातले ते वीस दिवस कानाला बरं वाटायचं."

शेवटी एक तरुण बोलला. 2021 च्या एप्रिलात कोरोनाची दुसरी लाट होती तेव्हा तो प्राणवायूच्या टँकरवर होता. रायगड जिल्ह्यातल्या डोलवीहून भरायचे आणि घाट चढून इकडच्या दवाखान्यांना पोचवायचे. द्रवरूप प्राणवायू शून्याखाली 183 अंशांच्या आसपास थंड असतो. टँकर मन मानेल तसा पळवता येत नाही. मनात घाई आणि पायाखाली बेताचा वेग, अशी ती खेप. त्याने एवढेच सांगितले, "दवाखान्याच्या फाटकात गाडी शिरली, तेव्हा बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसती उभी राहिली." त्यावर ओसरीवर कोणी काही बोलले नाही.

पाच जणांची पाच कामे. त्यांत सगळ्यांत जास्त भाड्याचे एकही नव्हते. याचा अर्थ पैसा नको असा नाही. पैशावाचून गाडीचा हप्ता फिटत नाही आणि चूलही पेटत नाही. तासगावकरांच्या स्लॅबखाली त्यांची नातवंडे झोपतात, ते काही खोटे नाही. पण ड्रायव्हरच्या मनात जी खेप राहते, तिच्यात मला चार गोष्टी दिसल्या. मालाची कोणीतरी खरोखर वाट पाहत होते. गाडीत पेलवेल एवढेच वजन होते. झोपेवर कोणी घाला घातला नव्हता. आणि त्याच्याशी माणूस म्हणून कोणी बोलले होते. यातली एकही गोष्ट महाग नाही. तरी चारही एका खेपेत मिळाल्या, असे उभ्या जन्मात एखाद्याच वेळी घडते, हे नवल.

कायद्याने म्हणाल तर 1961 सालच्या मोटार वाहतूक कामगारांच्या कायद्यातच दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. आमच्या ह्यांना ते आठ तास कधी भेटले नाहीत. आता 2025 पासून नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला थंड हवेचे यंत्र सक्तीचे झाले आहे. चांगलेच झाले. विदर्भातल्या उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीजवळ बसणे काय असते, ते ह्यांच्या पाठीवरच्या घामोळ्यांनी मला शिकवले आहे. पण गार हवेने डोळ्यांवरची झोप जात नाही. झोप झोपल्यानेच जाते.

मग मंडळींनी मलाच विचारले, "वैनी, तुमच्या मते नानांचं सगळ्यांत चांगलं काम कोणतं?" मी क्षणाचाही विचार केला नाही. म्हटले, दुधाचा टँकर. मधली पाच वर्षे हे शीतकरण केंद्रातून पुण्याला दूध नेत. संध्याकाळी निघायचे, सकाळी परत. रोज तोच रस्ता, तीच वळणे. हे चकित झाले. "त्यात सांगण्यासारखं काय घडलं गं?" मी म्हटले, "काहीच घडलं नाही, म्हणून." लांबच्या खेपांच्या काळात थोरली मुलगी बापाला पाहून दाराआड लपायची. महिन्यातून दोनदा दिसणारा माणूस तिला पाहुणा वाटे. टँकरच्या पाच वर्षांत धाकटा जन्मला. त्याला बापाच्या हॉर्नचा आवाज ओळखू येई. तो उठून रस्त्याकडे पळे. खेप ड्रायव्हरची असते, पण तिचा हिशेब दोन घरी मांडायचा असतो. एक केबिनमधले घर आणि एक मागे राहिलेले.

पुतण्याचे काय ठरले, ते सांगते. मालवाहू गाडीच्या लायसन्सला वयाची 20 वर्षे पूर्ण लागतात आणि त्याआधी हलक्या गाडीचे लायसन्स निदान एक वर्ष हाती असावे लागते. तेवढी अट तो पुरी करतो. पण कर्जाचा ट्रक आज नाही. आधी दोन वर्षे दुधाच्या गाडीवर पगारी नोकरी. रात्री जागता येते का, गाडीशी आणि माणसांशी जमते का, ते कळेल. दोन वर्षांनी हिशेब मांडून मग बँकेची पायरी. हप्ता डोक्यावर असला की ड्रायव्हर जादा वजनाला आणि जादा तासांना नाही म्हणू शकत नाही; हे ओसरीवरच्या पाचही जणांनी एकमुखाने सांगितले. जाऊबाई अजून पुरत्या राजी नाहीत. पण भाकरी बांधून द्यायला तयार झाल्या आहेत.

वाचणाऱ्या मायबहिणींना आणि शेतकरी भावांना एक सांगणे आहे. कांदा असो, ऊस असो, टोमॅटो असो, आपल्या बांधावर गाडी लागतेच. वर्षभराचा आपला घाम एका अनोळखी माणसाच्या हाती देऊन आपण ताडपत्री बांधतो. त्या माणसासाठी फार काही करायला नको. माल वेळेवर भरून ठेवावा. गाडीच्या पासिंगपेक्षा जास्त भरू नये. चार पोत्यांच्या लोभात घाटात ब्रेक जातो, तेव्हा आपला माल आणि कोणाचे तरी कुंकू एकदमच जाते. ठरलेले भाडे आढेवेढे न घेता द्यावे. लांबून आला असेल तर गाडी भरेपर्यंत लिंबाखाली बाज टाकून द्यावी, डोळा लागला तर लागू द्यावा. आणि निघताना भाकरीचे फडके हाती देऊन घरचे कसे आहेत तेवढे विचारावे.