वास आणि ओल

एखादी गोष्ट घडण्याची शक्यता शून्य ते एक या मापात मांडणे म्हणजे संभाव्यता, ही व्याख्या पुस्तकात सोपी वाटते. पण मृगाच्या तोंडावर परंड्याच्या शिवारात हे माप आकड्यांनी नव्हे, तर नाकाने आणि तळहाताने घेतले जाते. पर्जन्यछायेच्या या तालुक्यात उकाडा अंगाला चिकटू लागला, ढग काळवंडले आणि वाऱ्यावर ओल्या मातीचा वास आला, की पाऊस ‘येणार’ असेच म्हटले जाते. इंद्रियांच्या बोलीत ‘साठ टक्के’ नसतात.

वासाचे तर नवलच. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात, थेंब आपटताच ते हवेत उडते आणि लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी माणसाचे नाक ते ओळखते. म्हणजे हा दरवळ ज्याची वर्दी देतो तो पाऊस पडून गेलेला असतो, आणि तोही बहुधा दुसरीकडे, सीनेपलीकडे करमाळ्याच्या अंगाला. तो या बांधापर्यंत पोहोचेल की नाही, याबद्दल वास मुका असतो. जे उदाहरण मनात चटकन उभे राहते तेच अधिक संभवनीय वाटते, या प्रवृत्तीला मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि काहनेमन यांनी १९७३ मध्ये ‘उपलब्धता’ म्हटले. आणि पाऊस मनात उभा करण्यात या वासाचा हात धरणारे दुसरे काही नसावे.

तळहात मात्र सावध असतो. वीतभर उकरून मूठभर माती दाबली, तिचा लाडू वळला आणि खाली टाकताच तो फुटला, तर वाफसा आला, म्हणजे मातीत पाणी आणि हवा दोन्ही पेरणीजोगी आहेत, असे समजतात. लाडूच वळला नाही तर ओल अपुरी. हात येणाऱ्या पावसाविषयी बोलतच नाही, मुरलेला पाऊस तेवढा मोजतो, म्हणून तो कमी फसतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हा कृषी विभागाचा सल्ला म्हणजे या मुठीचेच आकड्यातले रूप. नाकावर विसंबणाऱ्याला मात्र पुष्कळदा दुबार पेरणीचे बियाणे शोधावे लागते.

आकडेही काही धुतल्या तांदळासारखे नसतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, आणि त्यानंतर दगडी घरांच्या माळवदाखाली निजायला लोकांचे अंगच तयार होईना.

परंड्यात मात्र जूनमध्ये वास आला की बियाण्याच्या पिशव्या ओट्यावर येतात, आणि घरातले एखादे जुने माणूस काही न बोलता खुरपे उचलून शेताकडे निघते.