पखवाजाची डावी बाजू

चहाच्या टपरीवर किंवा सायकल दुरुस्तीच्या दुकानात पूर्वी एक गमतीचे दृश्य हमखास दिसत असे. मातीच्या मडक्याच्या तोंडावर एक उघडा स्पीकर बसवलेला असे आणि त्यातून रेडिओवरची गाणी चांगल्या भरदार आवाजात ऐकू येत. मडके बाजूला केले की तोच स्पीकर पत्र्याच्या डब्यासारखा किरकिरू लागे. हे मडके लावणाऱ्याने ध्वनिशास्त्र वाचलेले नसे. पण त्याने जे केले ते शास्त्राला धरूनच होते. स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. या दोन लाटा स्पीकरच्या कडेवरून वळून एकमेकींना भेटल्या की खालचे, जड सूर तिथल्या तिथेच विरून जातात. मागची लाट कोंडून ठेवायला काहीतरी हवे. मडके तेच काम करी.

पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षे लेथवर काम करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थाला या मडक्याची आठवण झाली, ती एका कॅसेटमुळे. सातारा जिल्ह्यातील त्याच्या गावी १९८६ साली हरिनाम सप्ताहात झालेले भजन तिच्यात उतरवलेले होते. त्या भजनात त्याचे वडील पखवाज वाजवीत होते. ते जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांचा फोटो घरात होता, त्यांच्या हस्ताक्षरातील दोन-चार पत्रे होती. पण त्यांचा ‘आवाज’ म्हणावा असा हा एवढाच. अडचण अशी, की घरातील लहानशा संचावर ती कॅसेट लावली की टाळ ऐकू येत, गाणाऱ्यांचे सूर येत, पखवाजाच्या उजव्या बाजूची टकटकही येई. परंतु डावी बाजू, जिच्यावर ओल्या कणकेचा लेप लावतात आणि जिच्यातून तो गंभीर घुमारा उमटतो, ती मुळीच ऐकू येत नसे. म्हणजे वडील त्या फितीत होते आणि अर्धेच होते.

तो घुमारा फितीत उतरलाच नसेल, असेही असू शकले असते. मुलीने कॅसेट संगणकावर उतरवून घेतली आणि आपले हेडफोन त्याच्या कानांवर चढवले. सुरसुर आवाजाच्या पडद्याआड, खोलवर, काहीतरी धडधडत होते. त्याने ते काढून चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईच्या कानांना लावू पाहिले, तर तिने हात झटकला. असले काही डोक्यावर घेऊन भजन ऐकायचे नाही, असे तिने निक्षून सांगितले. तेव्हा ते भजन आईच्या खोलीत, सर्वांना ऐकू येईल असे वाजायला हवे होते. तयार पेट्यांच्या किमती त्याने विचारून पाहिल्या आणि मग स्पीकर स्वतः बांधण्याचे ठरवले. हात तर आयुष्यभर हत्यारांवरच होता.

सुटे भाग मिळण्याची ठिकाणे प्रत्येक मोठ्या शहरात ठरलेली असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत लजपतराय मार्केट, चेन्नईत रिची स्ट्रीट. पुण्याचा माणूस बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास जातो. तिथल्या एका दुकानात तरुण विक्रेत्याने त्याच्यापुढे एक वूफर ठेवला आणि म्हणाला, “काका, मॅग्नेट बघा किती जड आहे! हजार वॅट.” ही वॅटची भाषा आपल्याकडे फार जुनी आहे. एके काळी तळहाताएवढ्या स्पीकरवरही ‘पीएमपीओ’ या अक्षरांपुढे शेकड्यांनी वॅट छापलेले असत. तो आकडा क्षणभराच्या उसळीचा, तोही मनासारखा मोजलेला. त्यावरून भाग निवडणे म्हणजे जत्रेतील पाळण्याचा रंग पाहून त्याच्या मजबुतीची खात्री करणे होय.

वास्तविक निवडीचा पाया वेगळ्या आकड्यांवर आहे. आज वापरतात त्या धर्तीचा, वेटोळे आणि शंकू यांचा ध्वनिक्षेपक अमेरिकेतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडला. परंतु कोणत्या स्पीकरला किती मोठी पेटी द्यावी, हे पुढेही बराच काळ अंदाजानेच चाले. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी आणि १९७० नंतरच्या वर्षांत रिचर्ड स्मॉल यांनी हे कोडे गणितात बसवले. तेव्हापासून चांगल्या वूफरबरोबर एक कागद मिळतो. शंकू मोकळ्या हवेत कोणत्या कंपनसंख्येला आपण होऊन डोलतो, त्याची लवचीकता किती लिटर हवेएवढी आहे आणि त्याचे डोलणे किती लवकर आवरते, हे तीन आकडे त्यावर असतात. ज्या दुकानदाराकडे हा कागद नाही त्याच्याकडे स्वस्तात मिळाला तरी तो वूफर घेऊ नये. कारण मग पेटी पुन्हा अंदाजानेच करावी लागते.

या गृहस्थाने कागद असलेला साडेसहा इंची वूफर निवडला. त्याची मोकळी कंपनसंख्या ४५ हर्ट्झ होती. बंद पेटीत घातल्यावर आतल्या हवेची उशी शंकूला मागून रेटते, त्यामुळे ही संख्या वर चढते. पेटी जितकी लहान तितकी अधिक. आतून २० सेंटिमीटर रुंद, २५ खोल आणि ३५ उंच म्हणजे साडेसतरा लिटरच्या पेटीत ती ७४ च्या आसपास येत होती. हे पुरेसे आहे काय? पुरुष गायक काळी एक पट्टीत गात असेल, तर त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. पखवाजाचा घुमारा याच मुलखातला. ७४ च्या खाली आवाज एकदम तुटत नाही, हळूहळू उतरतो. शिवाय पेटी भिंतीलगत ठेवली की खालच्या सुरांना भिंत आधार देते. खोली बारा फुटांची. मोठी पेटी ठेवायला तिथे जागा नव्हती, आणि आईच्या पलंगाची जागा बदलायची नव्हती.

मात्र एकट्या वूफरने भागत नाही. ६९ हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास पाच मीटर, तर टाळांच्या १०,००० हर्ट्झच्या किणकिणाटाची लाट साडेतीन सेंटिमीटरचीही नसते. एकाच शंकूने दोन्ही कामे नीट करावीत ही अपेक्षा चुकीची आहे. म्हणून वरच्या सुरांसाठी ट्वीटर लागतो. दुकानात पन्नास रुपयांपासून मिळणारे, शिट्टीसारखे तीक्ष्ण वाजणारे ट्वीटर त्याने दूर सारले. जुन्या फितीची सुरसुर याच वरच्या पट्ट्यात असते. चकाकत्या आवाजाचा ट्वीटर प्रथम तिलाच मोठी करतो. त्याने रेशमी घुमटाचा, मवाळ आवाजाचा ट्वीटर घेतला. तो वूफरपेक्षा तीन डेसिबलने अधिक बोलका होता, तेव्हा त्याला आवरायला दोन रेझिस्टर घ्यावे लागले. तीन डेसिबल ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पण वूफरला ट्वीटरच्या बरोबरीने आणायचे तर त्याला दुप्पट वीज द्यावी लागली असती.

कोणता सूर कोणाकडे जावा हे ठरवणाऱ्या जाळ्याला क्रॉसओव्हर म्हणतात. त्याचे सर्वांत साधे रूप म्हणजे ट्वीटरच्या वाटेवर एक कपॅसिटर आणि वूफरच्या वाटेवर तांब्याच्या तारेचे एक वेटोळे. आठ ओहमच्या ट्वीटरला ६.८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर साधारण २,९०० हर्ट्झच्या खालचे सूर त्याच्याकडून सौम्य होत जातात. स्वस्त इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर काही वर्षांनी सुकतो आणि त्याचे मूल्य सरकते. प्लास्टिकच्या फिल्मचा महाग असला तरी टिकतो. या गृहस्थाने इथे पैसे वाचवले नाहीत. सोन्याचा मुलामा दिलेल्या जोडण्या आणि अंगठ्याएवढी जाड तार मात्र त्याने निःशंकपणे परत केली.

मुलीला आश्चर्य वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. “बाबा, एकच स्पीकर?” तिने विचारले. संचासाठी सर्वजण दोन करतात. परंतु ते भजन एकाच माइकने, एकाच पट्टीवर उतरवलेले होते. दोन पेट्यांनी तेच दोनदा म्हटले असते. दोन सामान्य स्पीकरांचे पैसे त्याने एकात घातले. या निर्णयात थोडा हट्टही होता, कारण पुढे घरात दुसरी गाणीही वाजणारच होती.

पेटीसाठी त्याने १८ मिलिमीटरची एमडीएफ फळी कापून आणली. ओळखीच्या सुताराने सांगितले, की त्याच्याकडे पडलेले सहा मिलिमीटरचे प्लायवूड फुकट नेता येईल. त्याने ते बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिले. ते डफासारखे वाजले. पेटीने स्वतः वाजू नये, यातच तिचे सारे कर्तृत्व आहे. आत गादीवाल्याकडचा तंतुकापूस भरला, प्रत्येक सांधा सरसाने बुजवला. शेवटी दीड व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर टेकवला. शंकू बाहेर सरकला तेव्हा धन टोक कोणते याची खात्री झाली.

एका रविवारी संध्याकाळी पेटी आईच्या खोलीत भिंतीलगत ठेवली गेली. आधी सुरसुर आली, मग कोणाचा तरी खोकला, मग टाळ. आणि मग खालून, फरशीतून यावा तसा, तो घुमारा आला. हेडफोनमध्ये तो नुसता धडधडत होता. इथे त्याला गोलाई होती, हाताचा दाब होता. कणकेचा गोळा त्या काळी आईच भिजवून देत असे. तिने डोळे मिटून बराच वेळ ऐकले. अभंग रंगात आला तशी डावी बाजू टाळांच्या किंचित पुढे धावू लागली. एवढी वर्षे हे कोणाच्याच कानांवर आले नव्हते.

“घाई करायची खोडच होती ह्यांची,” ती म्हणाली, आणि ते पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितले.