तर्कशास्त्राची वही

बी.ए.ला मी तत्त्वज्ञान हा विशेष विषय घेतला, तेव्हा पोलादपूरच्या घरी दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोलले नाही. “अरे, यावर नोकरी कोण देणार?” हा बाबांचा प्रश्न रास्तच होता. इतिहासात एम.ए. केले, तेव्हा कुठे मी शिक्षक झालो.

तरी मुंबईतल्या वर्गातील एक दुपार विसरता येत नाही. नास्तिक म्हणजे देव न मानणारा, एवढेच मला ठाऊक. तिथे कळले, दर्शनांच्या परिभाषेत वेदप्रामाण्य नाकारणारा तो नास्तिक. म्हणून चार्वाक, जैन आणि बौद्ध एका पंक्तीत. तर्काच्या आधारे श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्या द्विजाला बहिष्कृत करावे, असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो. द्विजाला! आम्ही तर्क करू, ही शंकाही त्या श्लोकात नाही. आणि माझ्या हातात तर्कशास्त्राची वही होती. त्या शनिवारी घरी येताना एस.टी. महाडला थांबली. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत ती स्मृती जाळली गेली, ते हेच गाव. मी उगाचच खाली उतरून उभा राहिलो.

यंदा आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी हाच विषय घ्यायचा म्हणते. तिच्या वडिलांना नोकरीचे जे खरे, तेच सांगितले. तिला वही दिली.