कुंपणाला टेकलेले गॅरेज

आमच्या विरारच्या वस्तीत शेजारच्या दादांनी गाडी घेतली आणि थेट कुंपणाला टेकून गॅरेज बांधायचे ठरवले. “जागा माझी, परवानगी कशाला?” हा त्यांचा सवाल. मी म्हणालो, दादा, हद्दीलगतच्या सामासिक अंतरातून शेजाऱ्याला उजेड-वारा मिळतो, पावसाचे पाणी वाहते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात होते, ते आठवा.

१९६६ च्या नगररचना कायद्याने परवानगी लागतेच. हे अंतर २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीप्रमाणे ठरते. दादांनी मोजणीचा अर्ज भरला.

बंधू-भगिनींनो, आधी भूमी अभिलेखकडून हद्द मोजून घ्या, महानगरपालिकेत नकाशा मंजूर करून घ्या, मगच विटा आणा. घामाच्या पैशाचे बांधकाम एका नोटिशीने पडू नये.