झडीतली वीज

अहमदपूर, कंधारकडच्या माळावर सोयाबीनच्या रानात आम्ही यंत्रं बसवतो, त्यांना वीजजोडणी नसते. लोखंडी पाइपवर वहीएवढं सोलर पॅनल, खाली बॅटरी, जमिनीत ओलाव्याचा सेन्सर, वर पर्जन्यमापक आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यातला, लांब पल्ल्याचा लोरा रेडिओ. झोपेत रेडिओ नावापुरती वीज खातो. पूर्ण ताकदीनं पाठवायला लागला की शंभरेक मिलिअँपिअर ओढतो.

मे महिन्यात चिंता नसते. बॅटरी लवकर भरते, वरची वीज वायाच जाते. खुशाल दर पाच मिनिटांनी पाठवा. कस लागतो तो झड लागल्यावर. सूर्य दिसत नाही, आणि पावसाची नोंद नेमकी तेव्हाच हवी असते.

ओझेल, उलुकुश आणि सहकारी संशोधकांनी २०११ साली यावर सुरेख गणित मांडलं. त्यात ऊर्जा पाण्यासारखी धरली आहे: आजची उद्यासाठी राखता येते, उद्याची आज उचलता येत नाही, आणि साठा भरला की पुढची सांडते. म्हणून खर्च जमेल तितका समान ठेवायचा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरला हे वेगळं शिकवायला नको. मात्र त्यातलं मूळ उत्तर उद्याचं ऊन आधीच ठाऊक धरून निघतं. रानात ते ठाऊक नसतं.

म्हणून मी घड्याळापेक्षा बदलावर भर देतो. ओलावा हलला नाही तर यंत्र गप्प. फक्त दिवसातून एकदा हजेरी. बॅटरी उतरली की ओलाव्याचे आकडे साठवायचे, पण पर्जन्यमापकाची वाटी उलटू लागली की कळवायचंच. टेकडीआडच्या यंत्राला तोच निरोप सर्वांत संथ वेगानं पाठवावा लागतो, आणि त्याला सर्वांत जलद वेगाच्या वीसेक पट वेळ लागतो. तिथं मोठं पॅनल लावण्यापेक्षा निरोप झेलणाऱ्या गेटवेचा अँटेना उंच चढवणं मला केव्हाही पटतं.

झडीनंतरची पहिली उन्हाची सकाळ फसवी. बंद पडलेली यंत्रं एकदमच जागी होतात, एकदमच पाठवतात आणि निरोप एकमेकांवर आदळून हरवतात. जागं झाल्यावर प्रत्येकानं वेगवेगळा वेळ थांबावं, ही सोय प्रोग्राममध्ये हवीच.

शेतकऱ्यांना एकच विनंती. रास झाली की मळणीयंत्राचा भुसा पॅनलवर बसतो. तेवढा ओल्या फडक्यानं पुसून काढा.